डावा पाय कुठे ठेवू

गाडी चालवताना क्लच दाबायचा नसतो तेव्हा डावा पाय ठेवायचा कुठे, हा प्रश्न मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा विचारला. नवऱ्यालाच विचारला, कारण ते शेजारच्या सीटवर होते आणि सिग्नल लागला होता. "ठेव कुठेही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्या उत्तराचा एवढा राग आला की सिग्नल सुटलेला कळलाच नाही. मागून हॉर्न वाजले. मग ते म्हणाले, "आता तरी सोड क्लच."

राग नुसता त्या दोन शब्दांचा नव्हता. तो जुना होता, लोणच्यासारखा मुरलेला.

माझं माहेर नायगावचं, बीडीडी चाळीतलं. वडील सरकारी खात्यात जीप चालवायचे. गाडी चालवणं म्हणजे त्यांना पोहण्यासारखं वाटायचं; माणसाला आलंच पाहिजे, मग तो मुलगा असो की मुलगी. मी कॉलेजात होते तेव्हा रविवारी सकाळी ते शेजारच्या टॅक्सीवाल्याची टॅक्सी मागून आणायचे आणि वडाळ्याला मिठागरांच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मला शिकवायचे. लायसन्सचा फोटो काढायला मी आईची साडी नेसून गेले होते. चाळीत लायसन्स काढलेली मी पहिली मुलगी. वडिलांनी ते चार घरं फिरवून दाखवलं होतं.

लग्न होऊन लालबागला आले. नवऱ्याचं घर मूळचं मालवणकडचं. सासरे गिरणीत होते, हे एका कंपनीत मेंटेनन्सला. मी दादरच्या शाळेत शिकवत होते. आमची गाडी बऱ्याच वर्षांनी आली, चाळ जाऊन टॉवर झाल्यावर. तोवर पार्किंगच नव्हतं. लहान गाडी, सगळ्यात साधं मॉडेल. पैसे दोघांनी घातले. चावी मात्र त्यांच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली.

मी मागितली नाही असं नाही. मागितली की काहीतरी निघायचं. आज घाई आहे. आज ट्रॅफिक फार आहे. मुंबई आता तुझ्या वडिलांच्या वेळची राहिली नाही. आणि एक कारण तर ते अगदी मनापासून द्यायचे, "तू सीट पुढे घेतलीस की माझं सेटिंग बिघडतं." ते उंच आहेत, मी त्यांच्या खांद्याच्याही खाली. हळूहळू मी मागायचं सोडून दिलं. लायसन्स मात्र मुदत संपली की नवं करून घेत राहिले. ते हसायचे. म्हणायचे, "ओळखपत्र म्हणून बरं आहे."

मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश पडला, आणि तो उचलायला वाकले ते तिथेच बसले. डावी बाजू गेली. परळच्या हॉस्पिटलात बरेच दिवस काढून घरी आलो तेव्हा डावा हात कुशीत आखडलेला होता, आणि डावा पाय उचलला की पंजा खाली लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, बोलणं वाचलं. खरंच वाचलं. आणि जे वाचलं ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीन दुपारी गिरगावात न्यावं लागायचं. तिथलं केंद्र तळमजल्यावर होतं, पायऱ्या नव्हत्या, आणि तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी हॉस्पिटलनेच सांगितलेली. सुरुवातीला टॅक्सी केल्या. व्हीलचेअर दिसली की फोनवर बोलावलेली गाडी कॅन्सल व्हायची. थांबलेली असली तरी ड्रायव्हरला घाई. एकदा ह्यांचा डावा पाय अजून दाराबाहेर होता आणि ड्रायव्हरने गाडी जराशी पुढे घेतली. पाय वाचला. मी त्या दिवशी संध्याकाळी ड्रॉवरमधून चावी काढली. हे कोचावर बसून बघत होते. माझी शाळा सकाळची होती, दुपार मोकळी. मुलगा बंगळुरूला. दुसरं कोण होतं?

पहिले काही दिवस मी पार्किंगमध्येच गाडी मागेपुढे करून पाहिली. हात विसरलेले नव्हते, पायही नव्हते. वॉचमन लांबून बघत उभा राहायचा. मग एका दुपारी ह्यांना शेजारी बसवलं, बेल्ट लावला आणि निघाले. लालबागहून चिंचपोकळीचा पूल, सातरस्ता, लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस, गिरगाव. नकाशात बोटभर अंतर आहे. पण रस्ते खणलेले, कुठे मेट्रोचं काम, कुठे पुलाचं, आणि उरलेल्या पट्टीतून बस, टॅक्सी, हातगाडी, आम्ही सगळे रांगेत. पाच मीटर पुढे, ब्रेक. पाच मीटर पुढे, ब्रेक. प्रत्येक वेळी क्लच दाबायचा, अर्धा सोडायचा, पुन्हा दाबायचा.

आणि मधल्या क्षणात पाय ठेवायचा कुठे?

गाड्यांत क्लचच्या डाव्या बाजूला पाय टेकायला एक जागा असते. महागड्या गाड्यांत तिथे चांगली रबर लावलेली पट्टी असते. आमच्या गाडीत तशी पट्टी नव्हती, नुसता कार्पेट लावलेला एक उतार होता, आत खोल. ह्यांचा लांब पाय तिथे आरामात पोचायचा. मी सीट पुढे घेऊन, पाठीमागे उशी ठेवून बसले की तो उतार माझ्या पायापासून वीतभर लांब राहायचा. मग एक तर पाय क्लचच्या वर अधांतरी धरायचा, नाही तर क्लचखाली घुसवायचा. खाली घुसवला की ऐन वेळी तो अडकायचा. वर धरला की मांडीपासून कंबरेपर्यंत सगळं ताणलं जायचं. थकून पाय जरा क्लचवर टेकला की शेजारून आवाज यायचा.

"क्लचवरून पाय काढ."

चिंचपोकळीला एकदा. सातरस्त्याला एकदा. लॅमिंग्टन रोडला तर दर दुकानागणिक. ते पुढे रस्ता बघत नव्हते, माझा पाय बघत होते. गाडी चालवणारा माणूस आणि त्याच्या पायावर पाळत ठेवणारा माणूस असे आम्ही जात होतो. केंद्रावर पोचलो की ते दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभे राहून चालायचा सराव करायचे आणि मी बाहेर बाकावर बसून पोटरी चोळत राहायचे. रात्री गोळे यायचे. उठून फरशीवर पाय दाबून उभी राहायचे, आणि हे गाढ झोपलेले असायचे. तेव्हा मला त्यांच्या झोपेचाही राग यायचा. आजारी माणसाच्या झोपेचा राग यावा ही काय बायको झाली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

पावसाळा संपता संपता गाडीला जळका वास यायला लागला. परळला पुलाजवळ ह्यांचा जुना मेकॅनिक आहे, त्याच्याकडे गाडी टाकली. त्याने क्लचप्लेट काढली, माझ्यासमोर धरली, आणि मग मला काहीही न सांगता ह्यांना फोन लावला. मी समोर उभी. फोन स्पीकरवर. म्हणाला, साहेब, प्लेट पार गेली, वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात. पलीकडून हे हसले. लेडीजचं असंच असतं, असं काहीतरी म्हणाले. दोघेही हसले.

मी मेकॅनिकला विचारलं, माझ्या उंचीच्या माणसाने पाय ठेवायचा कुठे ते दाखवा. स्वतः बसून दाखवा. तो सीटवर बसला, सीट मागे सरकवायला लागला. मी म्हटलं, सरकवू नका, माझ्या जागी बसा. गुडघे स्टिअरिंगला टेकले तेव्हा तो खाली वाकून बघायला लागला. मग जरा नरमाईने म्हणाला की बाजारात लोखंडी फूटरेस्ट मिळते, रबर लावलेली, खाली ठोकळा देऊन उंच करता येईल, पुढेही आणता येईल. दोन स्क्रूचं काम. आत्ताच कार्पेट उचललेलं आहे, लगेच होईल.

"मग बसवा," मी म्हटलं.

"साहेबांना विचारून घेतो एकदा," तो म्हणाला.

साहेबांनी नाही सांगितलं. माझ्या गाडीला भोकं पाडायची नाहीत, पाणी शिरतं, गंज धरतो. मेकॅनिकने माझ्याकडे बघून खांदे उडवले. नवी क्लचप्लेट घालून गाडी तशीच घरी आली.

त्या संध्याकाळी मी विषय काढला. जेवण व्हायचं होतं. ते कोचावर, डाव्या पायाखाली उशी. मी सरळ सांगितलं की गाडी मी चालवते, पाय माझा दुखतो, मला ती पट्टी हवी आहे. ते आधी गंज, पाणी, सगळं बोलले. मी ऐकलं आणि पुन्हा तेच म्हटलं. मग ते चिडले. चिडले की ते गावचं बोलतात.

"माझो डावो पाय गेलो," ते म्हणाले, "आणि तुका डाव्या पायाक पाट व्हयो?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काय बोलणार? त्यांच्या पायापुढे माझा पाय म्हणजे काहीच नाही, हे कुणीही सांगेल. ते वाक्य असं होतं की त्याला उत्तरच देता येऊ नये. आणि नेमका त्याचाच मला राग आला. कणीक मळताना मी ती इतकी तिंबली की पोळ्या मऊसूत झाल्या. हे दोन जास्त जेवले.

मी मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, तू चालवूच नकोस ना, कॅब कर. मी फोन ठेवला. वडाळ्याला माझे दीर राहतात, ह्यांच्याहून लहान, रविवारी भावाला बघायला येतात. त्यांनी सल्ला दिला की वहिनी, गाडी अनवाणी चालवून बघा, क्लचचा अंदाज चांगला येतो. सगळ्यांकडे माझ्या पायासाठी काही ना काही होतं. जागा सोडून.

मग तो पुलावरचा प्रकार झाला.

चिंचपोकळीच्या पुलावर चढणीला सगळं ठप्प होतं. खालून उकाडा, आत एसी चालू होता पण लागत नव्हता. मी अर्ध्या क्लचवर गाडी धरून होते आणि एकाएकी डाव्या पोटरीत गोळा आला. असा की पायाचा ताबाच सुटला. क्लचवरून पाय सटकला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली, आणि उतारावरून मागे जायला लागली. ह्यांना डाव्या हाताने कुठे धरता येत नाही. ते दाराकडे कलंडले, कपाळ काचेला लागलं. पण त्यांचा उजवा हात हँडब्रेकवर गेला आणि त्यांनी तो खेचला. गाडी थांबली. मागच्या मोठ्या गाडीपासून हातभर अंतरावर.

त्यांनी ब्रेक ओढला नसता तर आपटलीच असती. हे मी नाकारत नाही.

मागच्या गाडीतला माणूस उतरून माझ्या खिडकीशी आला. हिंदीत सुरू झाला. लायसन्स कुणी दिलं, घरी बसा, रस्त्यावर कशाला येता. मी पोटरी दोन्ही हातांनी धरून बसले होते. तेवढ्यात ह्यांनी माझ्यावरून वाकून त्याला हात जोडले. एकच हात, कपाळाशी नेला.

"नयी है, भाईसाब," ते म्हणाले. "संभाल लो."

तो माणूस निवळला. आजारी माणूस बघून त्याला वाईटही वाटलं असेल. तो काहीतरी पुटपुटत परत गेला. आणि मी नवऱ्याकडे वळले.

"गप्प बस," मी म्हटलं. "एक अक्षर बोलू नकोस."

आमच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. कपाळावर लाल झालं होतं. मी ते बघितलं, आणि तरीही मला त्या वेळी दया आली नाही. नवी! माझ्या वडिलांनी मिठागराच्या रस्त्यावर मला चढणीवर गाडी धरायला शिकवली होती, तेव्हा हे सायकलवर कामाला जात होते. मी नवी नव्हते. मला नवी ठेवलं होतं. हँडब्रेक काढला, गाडी सुरू केली, आणि गोळा तसाच घेऊन पूल उतरले.

केंद्रावर मी लंगडत शिरले. फिजिओथेरपिस्ट मुलीने आधी ह्यांचं कपाळ बघितलं, बर्फ लावला, मग माझ्याकडे वळली. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने मला शेजारच्या टेबलावर झोपवलं आणि पोटरीत अंगठा रुतवला. तशी मी कळवळले. ती म्हणाली की पाय दिवसच्या दिवस अधांतरी धरलात तर हे होणारच, टाच कुठेतरी टेकली पाहिजे. हे पडद्यापलीकडे होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मग ती त्यांच्याकडे गेली आणि त्यांनाही रागावली. तुमचा पंजा गाडीत लोंबत राहतो, आत वळतो, आम्ही इथे तासभर जे करतो ते तुम्ही परतीच्या वाटेवर घालवता. सीटसमोर तिरकी फळी बसवून घ्या, पाय तिच्यावर सपाट राहील. व्हीलचेअरला कशी पट्टी आहे, तशी. आणि फळी घट्ट पाहिजे, सरकली तर उपयोग नाही.

हे लगेच हो म्हणाले.

त्याच रविवारी दीर ड्रिल मशीन घेऊन आले. लाकडाची फळी आधीच करवून आणलेली, वर रबर चिकटवलेलं, कडा घासलेल्या. दोघा भावांनी पार्किंगमध्ये दुपार घालवली. हे व्हीलचेअरवर बसून सूचना देत होते, जरा डावीकडे, जरा वर, आता धर. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा दीर गाडीच्या जमिनीत भोकं पाडत होते. लोखंडाचा कीस कार्पेटवर पडला होता.

मी ट्रे हातात घेऊन उभी राहिले. कुणाला काही जाणवलं नाही. गंज, पाणी, माझी गाडी, कुणालाही काही आठवलं नाही. फळी बसली. ह्यांना सीटवर बसवून पाय वर ठेवून बघितला. पंजा सरळ राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी समाधान दिसलं, आणि मी खोटं बोलत नाही, ते बघून मलाही बरं वाटलं. पाय त्यांचा होता, त्याला आधार पाहिजेच होता. पण त्याच गाडीत, त्याच दुपारी, मशीन हातात असताना, पलीकडच्या सीटसमोरचा पाय दोघांपैकी एकालाही आठवू नये? मी विचारलं असतं तर केलं असतं, असं दीर नंतर म्हणाले. मी विचारलं होतं. घरातल्या प्रत्येकाला विचारलं होतं.

चहाचे कप मी बॉनेटवर ठेवले आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी न जाता गाडी घेऊन परळला गेले. सकाळी मी ती शाळेत नेलीच होती. तेही पहिल्यांदाच, आणि तेही न विचारता. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. बाहेर आला. मी सांगितलं की ती लोखंडी पट्टी आजच बसवायची आहे. त्याने सवयीने खिशातला फोन काढला.

"फोन आत ठेवा," मी म्हटलं. "गाडी मी चालवते. पाडा भोकं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन आत ठेवला. एवढंच. बसवायला काही वेळ लागला नाही. मी सीटवर माझ्या जागी बसले होते, पाय धरून दाखवत होते, इथे नाही, अजून पुढे, अजून उंच. त्याने खाली लाकडाचा ठोकळा दिला, दोनदा काढून पुन्हा घासला. पाय टेकला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की इतके दिवस मी नुसता पाय नाही, दातही आवळून चालवत होते. परळहून लालबागला येईपर्यंत दर सिग्नलला पाय पट्टीवर ठेवत होते. गरज नसतानाही ठेवत होते.

ह्यांना मी सांगितलं नाही. गिरगावला जायची पुढची दुपार आली तेव्हा ते बसले, फळीवर पाय ठेवला आणि मग सवयीप्रमाणे नजर माझ्या पायाकडे गेली. पट्टी दिसली. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मी गाडी काढली. चिंचपोकळी गेली, सातरस्ता गेला. क्लचबद्दल बोलायला आता काही नव्हतं, कारण पाय क्लचवर नव्हताच. लॅमिंग्टन रोडला मात्र त्यांना राहवलं नाही. म्हणाले, हॉर्न फार वाजवतेस.

मला हसू आलं नाही. सांगते कारण हे ऐकून सगळे हसतात. मला वाटलं, हा माणूस मी विमान चालवलं तरी काहीतरी काढेल.

पाय मात्र बरा झाला. गोळे यायचे थांबले. ह्यांचंही चालणं सुधारलं, आधी वॉकर, मग काठी. आता आम्ही गिरगावला आठवड्यातून एकदाच जातो. ते गाडीत पुष्कळ वेळ गप्प असतात. पुलावरच्या त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. मी पुन्हा अहो-जाहो करायला लागले, पण ते सवयीने. पहिल्यासारखं काही त्यात उरलेलं नाही.

या वर्षी गणपतीच्या आधी दीर आले. गावी जायला त्यांना गाडी हवी होती. आमचं जाणं होणार नव्हतं, ह्यांना एवढा प्रवास झेपत नाही. दीर खाली जाऊन गाडी बघून आले. वर येऊन भावाला म्हणाले, गाडी छान ठेवली आहे, फक्त ती क्लचजवळची पट्टी माझ्या नडगीला लागते, तेवढी काढून टाकतो, आल्यावर लावून देईन.

मी टेबलाशी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. हातातलं लाल पेन मात्र थांबलं.

हे म्हणाले, "माका काय विचारतंस? गाडी ती चालवता. तिका विचार."

दीर माझ्याकडे वळले. मी सांगितलं की पट्टी निघणार नाही आणि गाडीही मिळणार नाही, मला रोज शाळेला लागते. ते खरंच होतं. ते जरा वेळ बसले, चहा घेतला, मनाला लागलेलं दिसत होतं. गावाला एसटीने गेले. तिथून प्रसादाचे लाडू पाठवले, पण फोन भावालाच केला.

त्या वाक्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. गाडी ती चालवते, तिला विचार. शाळेतल्या बायका सांगतात, बघ, शेवटी मान्य केलं ना त्यांनी, आता सोड. पण ते वाक्य त्यांनी भावाला सांगितलं. मी त्याच खोलीत बसले होते, हाताच्या अंतरावर, आणि मला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.